पाल की मशीन

शैला,

तू गेलीस तेव्हा मला भेटायला कुणी आलं नाही. आले ते खोली विचारायला आले. तुझ्या गावी केमला भावाकडं माणसं बसायला गेली असतील, तिथं रडणारेही होते. मी तुझी कोण? घरमालकीण. भाडेकरू वारली म्हणून घरमालकिणीला कुणी भेटायला येत नाही. समोरची कमल दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वाईट झालं बगा मावशी. आता खोली कुणाला देणार? आमच्या भाच्याला पायजेल हाय."

मी म्हटलं, "खोली रिकामी न्हाई."

ती आत डोकावली. आत कुणी नव्हतं, पण आवाज चालू होता.

"कोण हाय आत?"

"काम चालू हाय तिचं," मी म्हटलं. कमल तिथून जरा घाईनंच गेली. गल्लीत तिनं काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. सांगू दे. मी खोटं बोलले नव्हते.

तू चांगली भाडेकरू नव्हतीस, हे आता सांगून टाकते. चहाचे कप खोलीत सुकवायचीस. पाणी यायचा दिवस कधी लक्षात ठेवला नाहीस. सगळ्या गल्लीच्या मोटारी सुरू झाल्या की कानाला हात लावून बाहेर यायचीस आणि मला विचारायचीस, "हे किती वेळ चालणार?" जसं काही नळ मी सोडला होता. पहिल्या दिवशी मी विचारलं, पुण्यात एवढी नोकरी असताना सोलापूरला कशाला आलीस? तू म्हणालीस, "मावशी, नोकरी घरातनं होती. केमला लाइट टिकत न्हाई आन पुण्यात मी टिकत न्हाई." मला उत्तर आवडलं. दोन खोल्यांमधलं दार मी त्या दिवशी उघडलं ते परत लावलं नाही.

तू काय करायचीस ते कळायला मला वेळ लागला. तुझा भाऊ दत्ता अजूनही लोकांना सांगतो की बहीण लायब्ररीत होती. त्याला वाटतं पुस्तकांची. नोकरी तू पोटासाठी करायचीस. उरलेल्या वेळातलं ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. मशीनमधून, म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरमधून, आवाज कसा काढायचा, कसा चढवायचा, दोन आवाज एकात कसे मिसळायचे, याची तयार कामं तू लिहून एका जागी ठेवली होतीस. जगात कुणीही ती उचलून आपल्या कामात वापरावीत. त्या ठेव्याला तुम्ही लोक लायब्ररी म्हणता. गाणं नव्हतं त्यात. गाणं दुसऱ्यांनी करायचं, तुझं काम आवाज पुरवायचं.

तू सांगायचीस की मशीनला काम सांगायच्या भाषा पुष्कळ आहेत, पण तुझी भाषा वेगळ्या वळणाची. तिच्यात एकदा केलेली वस्तू बदलायची नाही. बदल हवा असेल तर दुसरी करायची, पहिली होती तशी राहू द्यायची. त्यामुळं कुणी कुणाचं बिघडवत नाही. पण अशानं टाकलेल्या वस्तूंचा ढीग होतो. मग मशीन मध्येच थांबून झाडलोट करतं. इतर कामात ते कुणाला कळत नाही, आवाजात कळतं. आवाज धारेसारखा चालू असतो. धार क्षणभर तुटली की 'टिक' असं वाजतं. ती टिक येऊ नये यासाठी तुझे केस पांढरे झाले.

"मग कचरा करूच नका की," मी म्हटलं होतं.

"त्या भाषेचा सोभावच हाय त्यो, मावशी."

"मग दुसरी भाषा घे."

"तुमी मराठी सोडता का?"

"मला दुसरी येत न्हाई म्हणून सोडत न्हाई. तुला येतात की."

तू भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीत घोळवलास. हा वाद तसाच राहिला. माझं म्हणणं अजून तेच आहे.

मग तू मला कामाला लावलंस. माझा उजवा कान मागांच्या खडखडाटात गेला. लग्नाआधीपासून सुताच्या कांड्या भरायचे मी, चाळीस-पन्नास माग एका शेडमध्ये. डावा कान बरा आहे. तू मशीनला एकच सूर लावून द्यायचीस, खिडकीबाहेर मधमाश्यांचं पोळं असावं तसा, आणि मला उंबऱ्यात बसवायचीस. मी ज्वारी निवडायची आणि टिक आली की हाक मारायची. मी म्हटलं, मशीनला स्वतःला कळत नाही का? तू म्हणालीस, "मशीन आपल्या चुका आपणच मोजतंय. त्याच्यावर माझा इस्वास न्हाई."

तुला एक सांगायचं राहिलं. मागावर असताना, घरात असताना, मला सगळ्यांनी एकच विचारलं, सांगितलं ते ऐकलंस का. मला काय ऐकू येतं हे विचारणारी तू पहिली. तू असताना मी हे बोलले नाही. बोलले असते तर तू काहीतरी चेष्टा केली असतीस आणि ते मला आवडलं नसतं.

त्या दिवसांत मी रोज दुपारी टिक सांगायची. ऊन कलायला लागलं की यायची. तू दोन दिवस धड जेवली नाहीस. रोज त्याच वेळेला मशीन काय करतं, ते तुला सापडेना. मग तू खोलीत फोन ठेवून आवाज भरून घेतलास, आणि त्याच्यात तुला दिसलं की आधी एक मोठी टिक आणि लगेच मागून तीन-चार बारीक. तुला केवढा आनंद झाला. म्हणालीस, "ह्याला ठेका हाय मावशी, म्हंजे ह्याला कारण हाय." तू त्याची चित्रं काढलीस. फिनलंडच्या पाव्हण्यांना कळवलंस.

पाव्हणे हे तुझंच नाव त्यांना. तो फिनलंडचा माणूस तुझी लायब्ररी वापरायचा आणि सारखी तक्रार घेऊन यायचा, म्हणून तू त्याला पाव्हणे म्हणायचीस. त्याचा आवाज तिकडच्या एका संग्रहालयात दिवसरात्र चालायचा आणि बऱ्याच दिवसांनी एकदा टिक द्यायचा. टिकेवरून तुमचं भांडण आणि टिकेवरूनच तुमची ओळख.

तिसऱ्या दिवशी तू माझ्यासमोर चहा घेत बसली होतीस. भिंतीवर पाल चुकचुकली. मी रीतीप्रमाणं बोटांनी फरशीवर टकटक केलं. तू कप खाली ठेवलास आणि माझ्या बोटांकडं बघत राहिलीस.

"मावशी, हे काय केलं?"

"पाल बोलली की करायचं. कृष्ण कृष्ण म्हणायचं आन टकटक करायचं. तुझ्या आईनं शिकवलं न्हाई व्हय?"

"कृष्ण कृष्ण मला ऐकू आलं न्हाई."

"मनात म्हणते."

"आन टकटक रोज करता?"

"पाल रोज बोलती."

तू तशीच फरशीवर आडवी झालीस आणि हसत राहिलीस. मग उठून चिडलीस. "मोठी टिक पालीची आन बारीक तुमच्या बोटांची! नक्की सांगायचं व्हतं ना, पाल की मशीन." मी म्हटलं, मला काय ठाऊक, दोघं सारखेच बोलतात. तू म्हणालीस, "मग तसंच सांगायचं. ठाऊक न्हाई, हे पण उत्तर हाय मावशी. माझ्या कामात लई उपयोगाचं हाय."

पाव्हण्यांना तू खरं कळवलंस. आधी त्याला वाटलं, पाल हे कुठल्या तरी प्रोग्रॅमचं नाव आहे. मग त्याला समजलं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, पाल कशी आहे? तू मला वाचून दाखवायचीस. मी म्हणायची, जाडी झाली म्हणून सांग.

तेव्हापासून आपला नियम ठरला. पाल चुकचुकली की मी टकटक करायची नाही, मोठ्यानं सांगायचं, "पाल हाय गं." तू आतून म्हणायचीस, "बरं." नुसतं एवढंच. दिवसात कितीतरी वेळा. बाहेरच्या माणसाला आपण दोघी वेड्या वाटलो असतो.

एकदा मी तुला विचारलं होतं, तुझ्यामागं हे कोण बघणार. तू तुमच्याकडची रीत सांगितलीस. सांभाळणारा उत्तर देईनासा झाला तर लोक थोडे दिवस थांबतात. मग चारचौघांत जाहीर विचारतात, आहेस का म्हणून. तरी उत्तर आलं नाही तर ते काम बेवारस धरतात आणि दुसरा कुणीतरी घेतो. जुन्याचं नाव राहतं, पण खाली. मी म्हटलं, म्हणजे दत्तक. तू म्हणालीस, "व्हय. पर विचारल्याबिगर कुणी घेत न्हाई." तुझ्या आवाजात तेव्हा काही वेगळं नव्हतं. मीही वेगळं काही ऐकलं नाही. चाळिशीतल्या बाईशी आपण असं बोलतो तेव्हा ते गंमत म्हणूनच बोलतो.

मग पाव्हण्यांची टिक पकडायची म्हणून तू ठरवलंस की महिनाभर मशीन अखंड चालवायचं. ज्या दिवशी सुरू करायला बसलीस तो दिवस अमावास्येचा. मी म्हटलं, उद्या कर. तू म्हणालीस, "उलट बरं हाय. पुढच्या अमावास्येला संपल, तुमच्या ध्येनात राहील." आपण त्यावर भांडलो. पुढं जे झालं ते अमावास्येनं झालं असं मी म्हणत नाही. कमल म्हणते. तापाला तिथी कळत नाही.

ताप अंगावर काढलास. रिक्षा दारात आली तेव्हा तू दार धरून उभी होतीस आणि मला म्हणालीस, "बंद करू नका. टिक आली तर सांगा." मी म्हटलं, "आधी शाल घे." मी दवाखान्यात आले त्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "आली का?" मी म्हटलं, "न्हाई." तू मान हलवलीस. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. मी तुला कसं वाटतंय हेही विचारलं नाही. दोन दिवसांनी दत्ताचा फोन आला.

दिवस झाल्यावर दत्ता टेंपो घेऊन खोली रिकामी करायला आला. गादी, कपाट, पुस्तकं गेली. मग तो मशीनजवळ थांबला.

"मावशी, हे काय वाजतंय?"

"तिचं काम हाय. अमावास्येपतूर चालायचंय. हात लावू नको."

"ती न्हाई आता मावशी. कुणासाठी चालवायचं?"

"सामान ने तू. हे राहू दे."

"माझी बहीण हाय ती."

"हाय की. मी कुटं न्हाई म्हटलं?"

तो उंबऱ्यात बसला, माझ्याच जागी. जरा वेळ ऐकत राहिला. "रोज हेच करायची व्हय?"

"रोज."

"आमाला कदी सांगितलं न्हाई."

"तुमी विचारलं नसल."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. तो रडला. मी चहा टाकला. मग त्यानं तुझा फोन काढला. फोन उघडायचा आकडा तूच त्याला दवाखान्यात दिला होतास. त्यात पाव्हण्यांची पत्रं येत होती. दत्ता बी. ए. आहे, इंग्रजी वाचतो. पहिलं पत्र, काम कुठवर आलं, पाल कशी आहे? दुसरं, बरी आहेस ना? तिसरं जाहीर होतं, सगळ्यांना दिसेल असं. शैला आहे का? कुणाला माहीत आहे का? उत्तर आलं नाही तर रीतीप्रमाणं काय करायचं ते बघावं लागेल, पण मला थांबायचं आहे, असं त्यानं लिहिलं होतं.

दत्ता म्हणाला, "कळवून टाकतो."

मी म्हटलं, "थांब. अमावास्या होऊ दे."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. बरं झालं. मला सांगता आलं नसतं. आता सांगते. हितं सगळ्यांना तू मेलेली ठाऊक होतीस. गल्लीला, केमला, तुझ्या पुण्याच्या हापिसाला. तिकडं तू नुसती उत्तर देत नव्हतीस. तिकडं तू कामात होतीस, नाहीतर रुसली होतीस, नाहीतर गावाला गेली होतीस. जगात एक तरी जागा होती जिथं तू अजून होतीस, आणि ती मोडायचं माझ्या हातात होतं. मी ती थोडे दिवस ठेवली. दुसरं काही माझ्याजवळ ठेवायला नव्हतंच. सामान दत्तानं नेलं, रडायचा हक्क केमला गेला.

मग मी रोज उंबऱ्यात बसले. ज्वारी निवडून झाली, तूर झाली, मग निवडलेलीच पुन्हा निवडली. पाल बोलली की सांगायचे, "पाल हाय गं." आतून सूर तेवढा यायचा. लाइट जायची तेव्हा मशीन आपल्या पोटातल्या चार्जिंगवर चालायचं आणि मी घड्याळाकडं बघत लाइटीच्या लोकांना शिव्या द्यायची. पाणी यायच्या दिवशी मोटारी सुरू झाल्या की मी आत जाऊन स्पीकरला डावा कान लावून बसायची. कमल एकदा बघून गेली. आता माझ्याकडून खोलीची आशा तिनं सोडली असावी.

अमावास्या जवळ आली होती. दुपारी मी बसले होते आणि टिक आली.

एकदाच. माझी बोटं आधी फरशीवर गेली, टकटक केलं, मग कळलं की मी काय करते आहे. वर बघितलं. ट्यूबलाइटमागं पाल होती. ती नेहमीच तिथं असते. तोंड मिटलेलं. पाल बोलली तर परत बोलते, दोन-तीनदा तरी. ही परत बोलली नाही. पण कधी कधी एकदाच बोलून गप्पही बसते. मी संध्याकाळपर्यंत हलले नाही. परत काही आलं नाही.

शैला, मी तुला खरं सांगते, मला ती पाल करायची होती. पाल म्हटलं असतं की काम झालं. महिनाभर एक टिक नाही, तुझ्या भाषेनं झाडलोट केली आणि कुणाला कळलं नाही. तू जिंकलीस असं दत्ताला सांगता आलं असतं, पाव्हण्यांना सांगता आलं असतं. खोलीत मी एकटी, ऐकणारं दुसरं कुणी नाही. कोण विचारणार होतं? दोन दिवस मी स्वतःला सांगत होते, पालच होती. भाकरी थापताना, आंघोळ करताना. पण उंबऱ्यात बसले की तू आत आहेस असं वाटायचं आणि तोंडातून "पाल हाय गं" निघायचं नाही.

काल अमावास्या. सांगितल्याप्रमाणं आवाज आपला आपण थांबला. मला वाटलं होतं हळूहळू जाईल. तसा गेला नाही, नळ बंद करावा तसा गेला. मग खोलीत काय काय ऐकू यायला लागलं. पंखा, बाहेरचा भंगारवाला, माझा श्वास. दत्ता आला होता. मी म्हटलं, "लिही आता."

"काय लिहू?"

"शैला गेली म्हणून लिही. तापानं गेली. महिनाभर आवाज चालला. शेवटी शेवटी एक टिक आली. पाल की मशीन, ठाऊक न्हाई."

दत्तानं फोन खाली केला. "मावशी, तुमी पाल म्हणा की. काय बिघडतंय? तेवढंच तिच्या नावाला."

"तिनं म्हटलं असतं का?"

त्यानं लिहिलं. मी त्याला आणखी लिहायला लावलं की हे काम कुणीतरी घ्यावं, रीतीप्रमाणं, आणि नाव खाली गेलं तरी चालेल, पण राहू द्यावं. आणि आधी एकदा पुन्हा महिनाभर चालवून बघावं. खाली माझं नाव घाल म्हटलं. त्यानं विचारलं, नात्यात काय लिहू? मी म्हटलं, ऐकणारी.

पाव्हण्यांचं उत्तर लगेच आलं. तो मशीनजवळच बसून असावा. दत्तानं दोनदा वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. त्यानं लिहिलं होतं की मला आता काही लिहिता येत नाही, नंतर लिहीन. काम मी सांभाळतो. नाव खाली जाणार नाही. आणि महिनाभर मीच चालवतो, आमच्या देशात पाली नाहीत.

तेव्हा मी आत गेले आणि तुझ्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसले. दत्तासमोर रडायचं नव्हतं.

म्हणजे आपला भाषेचा वाद तिकडं मिटेल. तिकडं टिक आली तर इथलीही मशीनची, नाही आली तर माझ्या भिंतीवरची होती. दोन्हीपैकी काय व्हावं ते मी सांगत नाही. तुला ठाऊक आहे.

मशीन दत्ता घेऊन गेला. खोली अजून कुणाला दिलेली नाही. मधलं दार उघडंच आहे. हे लिहिताना पाल दोनदा बोलली, खरी पाल, मी वर बघून खात्री केली. दोन्ही वेळा मी मोठ्यानं सांगितलं, "पाल हाय गं."

मग जरा थांबते. 'बरं' यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी. मग पुन्हा निवडायला घेते.